दाराशी समुद्र असताना मीठ विकत का घ्यावे?

पुणे,
६ मे

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. निवृत्तीनंतर घरात खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी करण्याचा तुझा बेत वाचून फार आनंद झाला, आणि पत्राच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाने हसूही आले. रत्नागिरीत घरापासून हाकेच्या अंतरावर अख्खा अरबी समुद्र असताना पिशवीतले मीठ विकत का घ्यायचे, असे तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे. उत्तर एका ओळीत देता आले असते, पण कारणे दिल्याशिवाय तू काही मानत नाहीस हे मला शाळेपासून ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्याकडच्या समुद्राचे पाणी वाईट असते असे मी म्हणणार नाही. या दिवसांत, खाडीच्या तोंडापासून दूर, पूर्ण भरतीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरून भरलेले पाणी बहुधा चांगलेच असते. ते खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये काही आठवडे अंधारात ठेवले, की त्यातले बरेचसे सूक्ष्म जीव मरून तळाशी बसतात आणि वरचे नितळ पाणी काढून घेता येते. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराच्या आसपासचे पाणी का नको, हे तुला मी सांगायला नको. खरी अडचण मृग लागल्यावर येते. काजळी नदी भाट्याच्या खाडीतून तांबडे पाणी समुद्रात ओतू लागली, की किनाऱ्याजवळची क्षारता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण, उतरते, गाळ येतो, आणि शेतातून वाहून आलेले काय काय त्यात मिसळलेले असते ते मोजण्याची सोय आपल्यापाशी नसते. टाकीतले पाणी तर दर पंधरवड्याला थोडे थोडे बदलावे लागते. म्हणजे वर्षातले चार महिने तुला पिशवीतले मीठ घ्यावेच लागणार. मग पहिल्या दिवसापासून तेच घेऊन मोजमापाचा हात बसवून घ्यावा, हे बरे. टाकी रुळल्यावर हिवाळ्यात समुद्राचे पाणी वापरून पाहायचे असेल तर जरूर पाहा.

वहिनींनी सुचवल्याप्रमाणे बाजारातले खडे मीठ मात्र चालणार नाही, आणि त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतला सुमारे ८५ टक्के भाग सोडियम व क्लोराइड यांचा असतो. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाण्याचा सामू (पीएच) स्थिर ठेवणारे बायकार्बोनेट असते, आणि शिंपले, शंख, प्रवाळ यांचे सारे जगणे या उरलेल्या भागावर अवलंबून असते. शिरोड्याच्या मिठागरांत पाणी आटत जाते तेव्हा आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडू पाण्यात राहून जाते. ते पाणी वेगळे काढून टाकलेले असते. त्यामुळे मिठागरातले मीठ पुन्हा पाण्यात विरघळवले तरी त्याचा समुद्र होत नाही. मत्स्यटाकीसाठी मिळणाऱ्या मिठात हे सगळे घटक मोजून परत घातलेले असतात. किंमत त्याची आहे.

मीठ कालवण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. आधी पिंपात पाणी घ्यायचे, मग लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम या हिशेबाने मीठ त्यात थोडे थोडे सोडायचे आणि एक लहान पंप लावून ते रात्रभर फिरू द्यायचे. उलट क्रमाने, म्हणजे मिठावर पाणी ओतून, काम केले तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळता विरघळत नाही. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकायचे नाही. पाणी मात्र विहिरीचे नको. तुमच्या विहिरीचे पाणी प्यायला अमृत असेल, पण जांभ्यातून झिरपलेल्या त्या पाण्यात लोह असू शकते, आणि नायट्रेट व सिलिकेट असले तर त्यांवर शेवाळ फोफावते. स्वयंपाकघरातल्या आरओ यंत्राचे पाणीही जसेच्या तसे घेऊ नकोस, कारण चव राहावी म्हणून त्यांपैकी बऱ्याच यंत्रांत थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळण्याची सोय असते. आरओच्या पुढे, पाण्यात उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची एक नळी जोडून घे. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसले की पाणी तयार झाले. आणि हे पाणी तांब्याच्या कळशीतून वाहू नकोस. माशांना जेवढे तांबे जाणवतही नाही, तेवढ्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

क्षारता मोजायला रेफ्रॅक्टोमीटर घे. काट्याच्या स्वस्त उपकरणात काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. रेफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचे आणि खिडकीकडे तोंड करून पाहायचे. निळा आणि पांढरा रंग जिथे मिळतात तिथली रेघ वाचायची. ती ३५ वर, म्हणजे विशिष्ट गुरुत्वाच्या बाजूला १.०२६ च्या आसपास, असावी. हे यंत्र नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. ३५ चे प्रमाणित द्रावण छोट्या बाटलीत मिळते, त्याने ते अधूनमधून तपासत जा.

आता नवशिक्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट. टाकीतले पाणी उडून जाते, मीठ उडत नाही. १६० लिटर पाण्यातले चार लिटर उडाले तर ३५ ची क्षारता जवळजवळ ३६ होते, आणि ही घट जर खाऱ्या पाण्याने भरून काढली तर ती चढतच जाते. म्हणून रोजची भर गोड्या, शुद्ध पाण्याची घालायची. काचेवर पाण्याच्या पातळीशी एक बारीक खूण कर आणि सकाळच्या चहाआधी तेवढी भर घालत जा. हे काम आपोआप करणारे यंत्र मिळते, पण पहिले काही महिने ते हातांनी करावे, म्हणजे आपली टाकी किती पाणी पिते ते कळते.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच घे. तिच्यात काठोकाठ सुमारे १९० लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता १६० लिटर धर. तुला आधी लहान टाकीवर हात बसवायचा आहे, हे मला समजते, पण लहान टाकीत पाण्याचे गणित तासाभरात बिघडते, मोठीत सावरायला वेळ मिळतो. काच, खडक, वाळू आणि पाणी मिळून हा बोजा पावणेतीनशे किलोच्या आसपास जातो, तेव्हा माडीचा विचार मनातून काढून टाक. पडवीत तर मुळीच नको. दुपारनंतर तिथे पश्चिमेचे ऊन येते, पाणी तापते आणि शेवाळ माजते. माजघरातल्या कोब्यावर, भिंतीलगत, लोखंडी घडवंचीऐवजी सागवानी किंवा जाड प्लायच्या भक्कम चौथऱ्यावर ती ठेव, कारण समुद्रकाठच्या हवेत, त्यात वरून खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, लोखंडाचे काय होते ते तुझ्या फाटकाकडे पाहूनच कळते. विजेच्या प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल ठेव, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली गळेल, आणि त्या जोडणीला आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घेतल्याशिवाय एकही पंप सुरू करू नकोस. वायरींवर, टाकीच्या कडांवर मिठाची पांढरी खरखरीत खपली चढत राहते. ओल्या फडक्याने ती आठवड्याला पुसावी लागते.

वाळू आणि खडक यांबाबत तू जरा मोह आवर. मांडवीची काळी वाळू दिसायला सुंदर आहे, पण त्या किनाऱ्याच्या वाळूत इल्मेनाइट, म्हणजे लोह आणि टायटेनियमचे खनिज, असते. ती टाकीत नको. अरागोनाइटची पांढरी वाळू विकत घे. खडकाविषयी तर कायदाच स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक रचणारी सर्व प्रवाळे आणि समुद्री पंखे (पंख्याच्या आकाराची प्रवाळे) घातले गेले, आणि समुद्रघोड्यांनाही त्याच वर्षी तेथे जागा मिळाली. किनाऱ्याला वाहून आलेला पांढरा पोवळ्याचा तुकडासुद्धा उचलून घरी आणायचा नाही, आणि कुणी दुकानदार ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे सजीवांसकट खडक, समुद्रातून काढून दिला म्हणू लागला तर तिथून निघायचे. कृत्रिम सच्छिद्र खडक मिळतात. ते सुरुवातीला बोडके दिसतात, पण वर्षभरात त्यांवर जांभळी छटा चढू लागते.

उष्णतेची गोष्ट तुमच्याकडे अधिक कठीण आहे. टाकीला २४ ते २७ अंश तापमान मानवते, आणि पाणी जितके गरम व खारे तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. इथे पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर छोटा पंखा सोडला की तापमान सहज दोन-तीन अंश उतरते; रत्नागिरीच्या दमट हवेत पाणी फारसे उडत नाही, मग पंखा काय करणार? पाणी थंड करणारा चिलर लागेल, आणि तो टाकीपेक्षा महाग पडेल. हा खर्च आधीच वहिनींच्या कानावर घालून ठेव. जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते तेव्हा चिलर थोडा वेळ बंद राहिला तरी चालेल, पण पाणी हलते राहिले पाहिजे. त्यासाठी वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलवणारा पंप, इन्व्हर्टरवर घे आणि बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप जवळ ठेव. याशिवाय स्किमर लागतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे अतिशय बारीक होतात आणि माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांतली द्रव्ये त्यांना चिकटून वर येतात, वरणाच्या उकळीवर येणाऱ्या फेसासारखी. तो तपकिरी फेस कपात जमतो आणि आपण तो फेकून देतो. गोड्या पाण्यात ही युक्ती चालत नाही.

एवढे सगळे मांडून, पाणी भरून, दिवे लावून झाले की टाकी सुंदर दिसेल आणि तिच्यात एकही मासा नसेल. इथून पुढचे चार ते सहा आठवडे हा या छंदाचा गाभा आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट, जे बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते. हे जिवाणू खडकाच्या छिद्रांत वस्ती करतात, पण ती वस्ती वाढायला वेळ लागतो आणि तिला खाद्य लागते. म्हणून रिकाम्या टाकीत सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा टाकून द्यायचा आणि वाट पाहायची. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो, आणि एवढ्या सामूला अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यातल्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. म्हणून गोड्या पाण्यातल्या टाकीत निभावून गेलेली घाई इथे माशाच्या जिवावर येते.

दर दोन दिवसांनी परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाक, आणि दिव्याखाली नव्हे, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदापुढे धरून रंग पाहा. अमोनियाची पिवळी नळी आधी पोपटी होईल, मग गर्द हिरवी, आणि एके सकाळी पुन्हा पोपटीकडे झुकलेली दिसेल. तेव्हा नायट्राइट चढू लागलेले असते. तेही उतरून दोन्ही शून्यावर आले आणि नुसते नायट्रेट दिसू लागले, की टाकी मासा घेण्याच्या लायकीची झाली. याच सुमारास वाळूवर तपकिरी साय धरेल, काचही मळेल. ते डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ असते. सिलिकेट संपले की आपसूक ओसरते. त्यावर औषध ओतायला जाऊ नकोस.

दुकानदार म्हणेल की तोवर स्वस्तातले दोन-चार डॅमसेल मासे सोडा, तेच टाकी तयार करून देतील. ऐकू नकोस. एक तर त्या जीवांना अमोनियात ठेवणे मला पटत नाही, आणि दुसरे म्हणजे त्यांतले जे जगतात ते पुढे टाकीचे मालक होऊन बसतात व नंतर आलेल्या प्रत्येकाला फाडून खातात. निळा टँग कितीही आवडला तरी तो फूटभर वाढतो. आपल्या टाकीत त्याला वळायला जागा नाही. पहिले मासे म्हणून क्लाउनफिशची जोडी घे, आणि ती पैदास केंद्रात वाढलेली घे. आपल्या देशात त्यांची पैदास आता चांगली होते. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही असे उबवणी केंद्र आहे. दोन्ही पिल्ले लहान आणि एका वेळी आण. हे मासे जन्मतः नर असतात. जे पिल्लू वरचढ ठरते ते वाढून मादी होते, त्यामुळे जोडी जुळवण्याची चिंता तुला करावी लागत नाही. त्यांना समुद्रफुलाची (ॲनिमोनची) गरज नसते, तेव्हा ते घ्यायची घाई नको. दुकानात मासा तुझ्यासमोर खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस, आणि घरी आणल्यावर महिनाभर त्याला साध्या वेगळ्या टाकीत, पीव्हीसी पाइपचा एक तुकडा लपायला देऊन, ठेव. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर उपचार त्याच टाकीत करता येतो; तांब्याचे औषध मुख्य टाकीत पडले तर खडक ते शोषून घेतात.

टाकीची ऑर्डर देण्याआधी झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय एकदा पाहून ये. माशांकडे नंतर पाहा. आधी पाणी कुठून येते, कुठून जाते, गाळले कसे जाते ते तिथल्या माणसांना विचार. माजघरातल्या भिंतीची लांबी आणि सॉकेटचे तिथपासूनचे अंतर मला उलट टपाली कळव, म्हणजे पंप आणि चिलरच्या नळ्या किती लागतील ते काढून देतो. माझ्याकडचा जादा रेफ्रॅक्टोमीटर आणि प्रमाणित द्रावणाची बाटली पुढच्या आठवड्यात येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवतो. मीठ इथूनच पाठवू की तुला मुंबईहून मागवणे सोयीचे पडेल, तेही लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
माधव