‘नंतर सांगतो’

सांगली,
२० ऑक्टोबर २०२४

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी दुसऱ्या मिनिटाला ‘जेवलास का’वर येतो आणि तू ‘हो’ म्हणून ‘आईला दे’ म्हणतोस. टपाल खात्यात जन्म गेला माझा, एक पत्र तरी धड लिहिता यावं.

७ नोव्हेंबरला पथक सोपवतोय. १९५० साली याच तारखेला देशातल्या वेगवेगळ्या स्काउट संस्था एक झाल्या, हे तू सोपानाच्या, म्हणजे स्काउटच्या पायरीच्या, परीक्षेला घोकलं होतंस. मी १९८७ला सुरुवात केली, म्हणजे ३७ वर्षं झाली. गुडघे आता ‘सावधान’ ऐकतात, पण खाली बसून तंबूची खुंटी ठोकली की उठताना कुणाचा तरी खांदा लागतो. मुलं खांदा देतात आणि आपापसात हसतात. हसू देत.

नवा स्काउट मास्तर आपल्याच पथकातला आहे. तुझ्या बरोबरीचा, चष्मेवाला, मानसभेचा लेखनिक होता तो. आता बुधगावला शाळेत शिकवतो. गेले तीन रविवार आम्ही दोघं पेटी उघडून यादी करतोय. तंबू चार, त्यातला एक गळका. लाठ्या सव्वीस, तीन वाकलेल्या. सुती दोर, नायलॉनचे दोर, दोन मोठी पातेली, स्टोव्ह, शिट्ट्या, आणि प्रथमोपचाराच्या डब्यात मुदत संपलेलं आयोडीन. तुझी आई म्हणते, पेटी हलली की त्या कोपऱ्यात मी दळणाचा डबा ठेवणार. इतकी वर्षं तिने त्या जागेवर डोळा ठेवला होता हे मला आत्ता कळतंय. खरं तर तिचंही पथकावर कमी देणं नाही. ‘खरी कमाई’ला, म्हणजे स्वतः कष्ट करून पैसे मिळवायच्या उपक्रमात, मुलांनी विकलेल्या लाडवांतले निम्मे तिच्या हातचे असायचे, आणि पावसाळ्यात ओले दोर सुकायचे ते तिच्या साड्यांच्या दोरीवर.

तर पेटीच्या तळाशी मानसभेच्या वह्या निघाल्या. सुनबाईला माहीत नसेल तर सांग, मानसभा म्हणजे संघनायकांची बैठक. सहा-आठ मुलांचा एक संघ, त्यांनी निवडलेला नायक, आणि सगळ्या नायकांनी मिळून पथकाचा कारभार ठरवायचा. मास्तर बसतो, पण सल्ल्यापुरता. १९९८ची वही उघडली तर १४ जूनच्या पानावर चष्मेवाल्याचं अक्षर होतं. जसं आहे तसं उतरवतो:

‘गरूड संघाने नायक निवडला. ७ पैकी ६ मते. सर नको म्हणाले. कारण विचारले. सर म्हणाले नंतर सांगतो.’

सातवं मत तुझं होतं, ते तू दुसऱ्याला दिलं होतंस. तेवढी रीत तुला होती.

पुढच्या बैठकीच्या पानावर त्याने लिहिलंय, ‘मागील कारण बाकी.’ त्याच्या पुढच्याही पानावर तेच. चार बैठका त्याने ते पुढे ओढलं, जसं आमच्या खात्यात न पोचलेलं रजिस्टर पत्र रोज नोंदीत पुढे जायचं. पाचव्या पानापासून ते दिसत नाही. कंटाळला असेल, किंवा तू पथक सोडलंस म्हणून थांबला असेल. मी विचारलं नाही. तो शेजारी बसून दोर मोजत होता, आणि त्याने ते पान बघितलं हे मला दिसलं.

१९९४ला मी हिमालय वुड बॅजसाठी, म्हणजे स्काउट मास्तरांच्या वरच्या प्रशिक्षणासाठी, पचमढीला गेलो होतो. साठवलेली सगळी रजा घातली, इटारसीला गाडी बदलली, पिपरियाला उतरून जीपने डोंगर चढलो. येताना गळ्यात चामड्याच्या वादीला दोन लाकडी मणी होते. तू नऊ वर्षांचा होतास. ‘बाबांचं मंगळसूत्र’ म्हणून तू गल्लीभर सांगत सुटला होतास. मी रागावलो होतो, आई मात्र पोट धरून हसली होती.

तिथून आणलेल्या वहीत पहिल्याच पानावर मी लिहून घेतलं होतं: स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ला इंग्लंडातल्या ब्राउनसी बेटावर वीसेक पोरं नेली, तीही बड्या शाळांतली आणि कामकऱ्यांच्या घरांतली एकत्र. त्याने आधी त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येकाला नायक दिला आणि काम त्या नायकांवर सोपवलं. सगळी स्काउटिंग त्या एका गोष्टीवर उभी आहे, गाठी आणि शिट्ट्या नंतर येतात. हे मी नव्या मास्तरांना किती शिबिरांत सांगितलं असेल! ‘पोरांनी निवडलेला नायक चुकीचा वाटला तरी हात घालू नका, चुकू द्या त्यांना.’ लोक माना डोलवायचे. आणि मी स्वतः हात घातला तो माझ्याच घरात, निवड बरोबर असताना.

कारण सांगतो. आदल्या वर्षी एका पालकाने आमराईच्या फाटकाशी मला ऐकवलं होतं, ‘मास्तर, तुमचं पोरगं पथकात आहे म्हटल्यावर बाकीच्यांनी झेंडाच धरायचा.’ ते मला लागलं. खरं म्हणजे तेवढंच नव्हतं. आपण कुणाची बाजू घेत नाही, स्वतःच्या मुलाचीही नाही, असं लोकांनी म्हणावं ही मला हौस होती. तसं म्हणायचेही लोक. ती हौस माझी आणि तिचा खर्च तुझ्या खात्यावर. त्या सहा पोरांच्या खात्यावरही, कारण मत त्यांचं होतं.

मग दंडोबाच्या डोंगराची पायी सहल आठव. मी नेमलेला नायक भोसेच्या अलीकडे वाट चुकला. मी मुद्दाम मागे होतो, पार शेवटी. चालताना दिसलं की फाट्यावर मोठ्या दगडावर लहान दगड ठेवलाय, म्हणजे वाट हीच. पुढे लहान दगड उजवीकडे, म्हणजे उजवीकडे वळा. नायक चुकतोय हे कळल्यावर त्याला चार पोरांत पाडून बोलायच्या ऐवजी कुणीतरी गपचूप मागच्यांसाठी खुणा ठेवत गेलं होतं. कोण ते मला लगेच कळलं, एकाच मुलाला दगड इतका नीट मधोमध ठेवायची खोड होती. वर देवळाशी पोचल्यावर तू माझ्याकडे बघितलंस. मी पाण्याच्या बाटल्या मोजत राहिलो.

आणि तो रविवार. मी सकाळी गणवेश घालून बाहेर आलो तर अंगणात काडीने काढलेलं वर्तुळ, मधे टिंब. ‘मी घरी गेलो.’ ही खूण केनियात न्येरीला बेडन-पॉवेलच्या समाधीवरही आहे, हे मीच शिकवलं होतं तुम्हाला. आत तू पांघरूण ओढून झोपायचं सोंग घेऊन पडला होतास. मी बुटाने ती पुसली नाही, ओलांडून गेलो. त्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं, कसा संयम ठेवला म्हणून! दुपारी आलो तेव्हा आईने अंगण झाडून टाकलं होतं.

पुढची वर्षं भराभर गेली. मुलं आली, राज्य पुरस्कार घेऊन गेली, कुणी राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचला. रेल्वेत स्काउटांचा कोटा असतो हे कळल्यावर पालक दारात येऊन आधी प्रमाणपत्राचं विचारू लागले, पोराला पोहता येतं का ते नंतर. मी काही बोलत नसे. प्रमाणपत्रासाठी का होईना, आलेलं पोर शेकोटीशी चार वर्षं बसतं.

एकच सांगतो, २०१९चा पूर. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. लोकांना वाटतं आमची पोरं होड्या घेऊन गेली असतील. तसलं काही नव्हतं. आमची जुनी-नवी पोरं शाळेतल्या छावणीत रांगा लावत होती, ब्लँकेटं मोजत होती, पिण्याच्या पाण्याचे कॅन वेगळे ठेवत होती. रस्ते बंद, तुला पुण्याहून येता येईना. तू तिथे बसून फोनवर यादी करत होतास: कुठल्या गल्लीचं कोण कुठल्या शाळेत आहे, कुणाची आई सापडत नाही, कुणाचं औषध संपलंय. तीन रात्री. इथली पोरं म्हणायची, ‘यादीवाल्या दादांना विचारा.’ एकाने मला विचारलंही, ‘सर, ते दादा आपल्या पथकात नायक होते का?’ मी म्हटलं, ‘पथकात होता.’ आणि तुला फोनवर काय म्हणालो, तर ‘बॅटरी जपून वापर.’

आज सकाळी चष्मेवाल्याला विचारलं, या जुन्या वह्यांचं काय करायचं? तो म्हणाला, पथकाच्या आहेत, पथकाकडेच राहतील. बरोबरच आहे. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘सर, त्यात एक बाब प्रलंबित आहे.’ शिक्षक झालाय ना, शब्दही तसले वापरतो. मी म्हटलं, आधी ज्याची आहे त्याला कळवतो, मग तू नोंद कर.

दिवाळीला येणारच आहेस, तर भाऊबीज झाल्यावर लगेच निघू नकोस. ७ तारखेपर्यंत राहा. तुझी लाठी यादीत धरलेली नाही, ती माळ्यावर आहे. १४ जूनच्या पानाची झेरॉक्स सोबत जोडलीय. ‘गरूड’चा रू त्याने तेव्हाही दीर्घ काढलाय, भेटशील तेव्हा सांग त्याला.

आईने चकलीची भाजणी दळून ठेवलीय. तिखट किती हवं ते कळव.

तुझे,
बाबा