पुट्टी भरून विकलेल्या ‘रेकॉर्ड’ व्हाइसबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘पूर्ण रिस्टोअर केलेला’ म्हणून विकलेला जुना बेंच व्हाइस तडकलेला निघाल्याबद्दल व पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी रु. 16,500 भरून एक बेंच व्हाइस, म्हणजे टेबलाला बसवून काम घट्ट धरायचा शिकंजा, घेतला. वाहतुकीचे रु. 1,450 वेगळे दिले. जाहिरातीतला मजकूर असा होता: “अस्सल रेकॉर्ड 23 नंबर, शेफील्ड, सन 1890. साडेचार इंची, क्विक रिलीज. मूळ रंगात पूर्ण रिस्टोअर केलेला. पुढची शंभर वर्षं बिनघोर वापरा.” यातलं शेफील्ड आणि साडेचार इंची एवढंच खरं निघालं.

आधी सालाचं बोलतो, कारण ते लगेच मिटण्यासारखं आहे. रेकॉर्ड व्हाइस बनवणाऱ्या सी. अँड जे. हॅम्पटन या शेफील्डच्या कंपनीची स्थापना 1898 ची आणि ‘रेकॉर्ड’ हे नाव तिनं घेतलं 1909 मध्ये. तेव्हा 1890 सालचा रेकॉर्ड म्हणजे बापाच्या आधी जन्मलेला मुलगा झाला. रंगाचंही तसंच. रेकॉर्डचा रंग निळा. मला मिळालेला व्हाइस हिरव्या हॅमरटोन (ठोकलेल्या पत्र्यासारख्या दिसणाऱ्या) रंगानं रंगवलेला आहे. बुडाच्या पोकळीत, जिथे तुमच्या माणसाचा ब्रश पोचला नाही तिथे, जुना निळा रंग अजून शाबूत आहे. म्हणजे मूळ रंग काय होता हे रंगवणाऱ्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. तरीही साल आणि रंग एवढ्यावरच भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. जुन्या बाजारात सालं अशीच सांगतात. पुण्याच्या जुन्या बाजारात प्रत्येक हत्यार ‘इंग्रजांच्या काळातलं’ असतं, आणि घेणारा ते ऐकून हसतो.

माझी तक्रार पुट्टीची आहे.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर जुने व्हाइस गोळा करून दुरुस्त करणं हाच उद्योग आहे. त्यामुळे पेटी उघडल्यावर सवयीनं मी लहान हातोडीनं व्हाइसवर ठिकठिकाणी टिचक्या मारल्या. धड ओतीव काम असेल तर आवाज खणखणीत येतो. पुढच्या जबड्याचा तसा आला. मागच्या स्थिर जबड्याच्या मानेवर मात्र बद्द. तिथे चुंबक लावून पाहिलं तर सगळीकडे चिकटणारं चुंबक मानेच्या डाव्या बाजूला तळहाताएवढ्या भागावरून घसरत होतं. रंग कितीही जाड असला तरी चुंबक असं घसरत नाही. खरवडल्यावर रंगाखाली मोटारीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टी निघाली. काही ठिकाणी ती चार मिलिमीटर जाड आहे.

पुट्टी काढून जागा साफ केली आणि रॉकेल-खडूची चाचणी घेतली. ती आपल्या तंत्रज्ञांना माहीत नसेल तर सांगतो, खर्च पाच रुपये येतो. संशयाच्या जागेवर रॉकेल लावायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं, फडक्यानं कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून पातळ थर द्यायचा. स्पिरिट उडालं की पांढरं आवरण राहतं. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. इथे ती स्लाइडच्या (पुढच्या जबड्याच्या सरकत्या दांड्याच्या) खोबणीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर, जॉ प्लेटच्या (जबड्यावर बसवलेल्या पट्टीच्या) स्क्रूच्या भोकापर्यंत गेलेली दिसली. फोटो सोबत जोडला आहे. व्हाइस आवळल्यावर सगळा ताण ज्या मानेवर येतो, त्याच मानेला आरपार तडा आहे.

यावर आपल्याकडून ईमेल आला की माल वाहतुकीत आदळून तडकला असावा. साहेब, आपलं पॅकिंग उत्तम होतं हे मी मोकळेपणानं मान्य करतो. जाड लाकडी पेटी होती, आत कोपऱ्यांना ठोकळे होते, पेटीला ओरखडासुद्धा नव्हता. शिवाय बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ताजं मोडलं की आतला भाग चकचकीत करडा आणि दाणेदार दिसतो. इथे भोकाजवळ तड्याची कड थोडी उघडी आहे. तिथे आतून काळं पडलेलं आहे, जुनं तेल आणि गंज मुरलेला आहे, आणि त्यावर आपली पुट्टी आत शिरून घट्ट बसली आहे. प्रवासात पडलेल्या तड्यात पुट्टी आणि गंज कुठून येणार? तड्यावरचा रंगही अखंड होता. व्हाइस तडकलेला आहे हे माहीत असल्याशिवाय तिथे पुट्टी भरलीच जात नाही.

बुडाला बोल्ट बसवायचे जे कान असतात त्यांपैकी एक तुटलेला आहे आणि तो वेल्डिंगच्या साध्या एम.एस. (माइल्ड स्टील) रॉडनं जोडला आहे. बिडात साधारण अडीच ते चार टक्के कार्बन असतो. साध्या रॉडनं, गरम न करता वेल्डिंग मारलं की जोडाच्या कडेचं बीड झपाट्यानं थंड होतं, कार्बनला ग्रॅफाइट व्हायला सवड मिळत नाही, आणि तिथे काचेच्या कडकपणाचा पांढरा पट्टा तयार होतो. थंड होतानाच तो चिरतो. माझ्याकडच्या कानावर वेल्डिंगच्या मण्याला लागून अशीच केसासारखी चीर आहे. या कामाला निकेलचा रॉड वापरतात, भाग आधी सावकाश तापवतात, थोडं थोडं वेल्डिंग मारतात आणि नंतर चुन्यात किंवा राखेत पुरून थंड होऊ देतात. नाहीतर पितळी ब्रेझिंग करतात, म्हणजे पितळ वितळवून सांधतात. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे काम करणारे कारागीर आहेत आणि ते काही अवाच्या सवा पैसे घेत नाहीत.

आता जबड्यांकडे या. मूळ जॉ प्लेट पोलादी, कडक केलेल्या आणि दातेरी असतात. त्यांवर फाइल (कानस) घासली तर ती घसरली पाहिजे. तुमच्या प्लेटवर फाइल छान चावते, कारण त्या बाजारातल्या मऊ पट्ट्या आहेत, वरून ग्राइंडरनं रेघा ओढलेल्या. उलट कानावरच्या वेल्डिंगपाशी फाइल घसरते. जिथे कडक हवं तिथे मऊ आणि जिथे मऊ हवं तिथे कडक, असा हा व्हाइस आहे. दोन्ही जबडे मिटले तर एका टोकाला टेकतात आणि दुसऱ्या टोकाला फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं) 0.8 मिलिमीटरचं पान आरामात जातं. पत्रा धरला की तो एका बाजूनं फिरणारच.

राहिलं क्विक रिलीज. या व्हाइसमध्ये हँडलजवळचा खटका दाबला की आतली पट्टी फिरते, अर्धा नट स्क्रूच्या आट्यांतून सुटतो आणि जबडा हातानं सरळ पुढेमागे करता येतो. खटका सोडला की स्प्रिंग नटाला परत आट्यांत बसवते. जुन्या काळातली इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती क्वचित पाहायला मिळते. तुमच्या व्हाइसमध्ये स्प्रिंगच्या जागी रबराचा तुकडा कोंबलेला आहे आणि अर्ध्या नटाचे आटे झिजून धारदार झालेले आहेत. जरा जोर लावून आवळलं की ‘खट्’ करून नट उडतो आणि जबड्यात धरलेला जॉब (कामाचा तुकडा) हातात येतो. स्क्रूच्या आट्यांवर ग्रीसचा थेंब नाही, पण हिरवा रंग मात्र भरपूर आहे. स्क्रू रंगवलेला व्हाइस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आपण म्हणाल की जुन्या वस्तूत नव्याची अपेक्षा धरतो. तडा असणं, ब्रेझिंग केलेलं असणं, कान तुटलेला असणं, यात काहीही गैर नाही. माझ्याकडे ब्रेझिंग केलेला एक व्हाइस आहे. त्याचा पिवळा जोड उघडा ठेवला आहे, रंगसुद्धा दिलेला नाही, आणि तो मी रोज वापरतो. विकणाऱ्यानं ‘मानेला जोड आहे’ असं सांगून कमी भावात दिला होता. आपणही असं लिहिलं असतं तर मी हाच व्हाइस निम्म्या किमतीत घेतला असता, घरी सुटा करून काढला असता, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकून बॅटरी चार्जरवर गंज काढला असता, नट नवा करून घेतला असता. जोड लपवून त्यावर हॅमरटोन मारणं याला रिस्टोरेशन म्हणत नाहीत.

हे केवळ पैशाचंही नाही. या व्हाइसवर संध्याकाळी माझ्याकडे फाइलिंग शिकायला येणारी पोरं काम करणार होती. बीड वाकत नाही, इशारा देत नाही, एकदम तुटतं. पोरानं नळीचा तुकडा घालून हँडल आवळलं असतं, मान तुटली असती, आणि तो सगळा जबडा त्याच्या पायावर पडला असता. ‘पुढची शंभर वर्षं बिनघोर वापरा’ हे वाक्य लिहिणाऱ्यानं ती मान एकदा तरी उघडी पाहिली होती का?

आपल्या ग्राहक सेवेत फोन घेणाऱ्या मुलीनं मला सांगितलं की अँटिक वस्तूंना रिटर्न नाही आणि ‘किरकोळ खुणा हेच त्यांचं सौंदर्य’ असतं. वरून पाचशे रुपयांचं कूपन देऊ केलं. त्या मुलीवर माझा राग नाही, तिला समोर लिहून दिलेलं वाचायचं होतं. लिहून देणाऱ्यानं मात्र ई-कॉमर्स नियम वाचावेत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘नो रिटर्न’ची पाटी लावली म्हणून हा नियम टळत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याच्या आत करायचं, हेही त्याच नियमांत आहे.

तेव्हा माझं म्हणणं असं. रु. 16,500 आणि वाहतुकीचे रु. 1,450 मिळून रु. 17,950 माझ्या खात्यात परत करावेत, आणि व्हाइस आपल्या खर्चानं घेऊन जावा. मी तो पुन्हा पेटीत बांधून ठेवला आहे, पुट्टीचे तुकडे एका पिशवीत वेगळे दिले आहेत. कूपन नको. याच फोटोंच्या ढंगाचे आणखी काही हिरवे व्हाइस आपल्या संकेतस्थळावर विक्रीला आहेत, सगळ्यांचे फोटो एकाच बाजूनं काढलेले. ते उतरवून रॉकेल आणि खडू घेऊन तपासावेत आणि ज्यांनी आधीच घेतले आहेत त्यांना कळवावं, अशी विनंती आहे. ही विनंती पैशांच्या मागणीइतकीच गंभीरपणे घ्यावी.

हे पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात रक्कम जमा झाली नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्यानं ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही. मला सध्या वेळ भरपूर आहे. व्हाइस सोबत नेईन आणि रॉकेल-खडूची चाचणी आयोगासमोर करून दाखवीन.

कळावे,

आपला,
एक ग्राहक, कोल्हापूर

सोबत: बिलाची प्रत, जाहिरातीची छायाप्रत, पेटी उघडताना व पुट्टी काढताना घेतलेले फोटो, खडू चाचणीचे फोटो, आपल्या ईमेलची प्रत.