लेबलवर न लिहिलेला गॅस

माननीय ऊर्जामंत्री,
सादर नमस्कार.

मी फ्रिज आणि एसी दुरुस्त करतो. कमी वीज खाणाऱ्या उपकरणांचा आपण पुरस्कार करता, त्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. जुना कॉम्प्रेसर एकतर पूर्ण जोरात धावतो, नाहीतर बंद पडून राहतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर खोली गार झाली की आपणहून चाल मंदावतो. वीज खरंच वाचते.

माझं म्हणणं आहे ते समोर चिकटवलेल्या लेबलबद्दल. किती वीज लागेल ते त्यावर ठळक असतं. आत कोणता गॅस आहे आणि किती, हे मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत असतं. ती पट्टी मी वाचतो, घेणारा वाचत नाही.

आणि फरक तर त्या गॅसमध्येच आहे. एसीत भरतात तो आर-४१०ए गॅस एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. एसीतलाच दुसरा गॅस आर-३२, त्याच्या साधारण एक तृतीयांश. फ्रिजमधला आयसोब्युटेन, म्हणजे आर-६००ए, किलोला जेमतेम तीन-चार किलो. (तो पेट घेतो, म्हणून पाइप जोडताना जपावं लागतं, पण तो आमच्या शिकण्याचा भाग झाला.)

आता एक कबुली देतो. जुना एसी उतरवताना त्यातला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायचा असतो. त्याला रिकव्हरी मशीन लागतं, वेळ लागतो आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. मग नट सैल केला जातो. फुस्स आवाज येतो, काम झालं. मीही हे केलं आहे. नवा एसी वीज वाचवणारा म्हणून बसवायचा आणि त्याच दुपारी जुन्याचा गॅस आकाशात सोडायचा, असा हा प्रकार. २०१६च्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारात आर-४१०ए, आर-३२ यांसारख्या वायूंचं उत्पादन आणि वापर टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं, ते चांगलंच झालं. पण घराघरांतल्या पाइपांत जो गॅस आधीच भरलेला आहे, त्याचं काय करायचं हे तिथे बांधून दिलेलं नाही. ते आपल्यासारख्यांनीच ठरवायचं आहे.

दुसरं दुखणं सर्किट बोर्डाचं. वीज वाचते ती कॉम्प्रेसरची चाल ठरवणाऱ्या याच बोर्डामुळे आणि यंत्र मरतं तेही बहुधा त्याच्यामुळेच. कॉम्प्रेसर धडधाकट, कॉइल शाबूत, पण बोर्ड मिळत नाही म्हणून अख्खं यंत्र भंगारात. ते घडवताना गेलेलं पोलाद, तांबं, प्लास्टिक आणि वीज कुठल्याच लेबलवर मोजलेली नसते. युरोपीय संघात २०२१पासून फ्रिजचे बोर्ड मॉडेल बंद झाल्यावरही किमान सात वर्षं पुरवावे लागतात. फ्रान्सने त्याच वर्षी काही उपकरणांना दुरुस्तीसाठी दहापैकी गुण द्यायला सुरुवात केली. म्हणजे हे जमण्यासारखं आहे.

जुना फ्रिज तर पुष्कळदा घराबाहेर जातही नाही. नवा आला की तो मागच्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांसाठी सुरूच राहतो. वीज कसली वाचते?

म्हणून मागणं एवढंच, की गॅसचं नाव, वजन आणि तापमानवाढीतला त्याचा आकडा विजेच्या आकड्याशेजारी तितक्याच मोठ्या अक्षरांत छापा. बोर्ड किती वर्षं मिळेल हेही तिथेच लिहा. आणि नव्या यंत्राच्या किमतीतच जुनं परत नेण्याचा आणि गॅस काढून घेण्याचा खर्च धरायला लावा, तोही गॅस भरलेला सिलिंडर जमा केल्यावरच मेकॅनिकला मिळेल असा. नुसत्या सहीवर मिळाला, तर सह्या होतील आणि नट सैल होतच राहतील.

आपला,
एक मेकॅनिक