गॅरेजमध्ये झोपलेले झाड

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या मागच्या खिडकीबाहेर नुसता लोखंडी आकडा लोंबताना तुला दिसला आणि "ते लोलकांसारख्या फुलांचे झाड मेले का रे?" असे तू विचारलेस. बोलण्याच्या ओघात विषय दुसरीकडे गेला आणि उत्तर द्यायचे राहून गेले. नंतर बाबांनीही निरोप पाठवून तेच विचारले, तेव्हा आता सविस्तरच लिहितो. झाड मेलेले नाही. ते गॅरेजच्या कोपऱ्यात, काळोखात, अंगावर एकही पान नसलेल्या अवस्थेत झोपलेले आहे, आणि मार्चपर्यंत त्याने तसेच झोपून राहावे एवढ्यासाठीच माझी सगळी खटपट चालू आहे.

झाडाचे नाव फ्युशिया. मूळ उच्चाराला धरून म्हणायचे तर ते 'फुक्सिया' व्हायला हवे, कारण सोळाव्या शतकातील लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ते ठेवलेले आहे. पण इथे तसे कोणीही म्हणत नाही. शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच धर्मोपदेशकाला हे झाड कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर आढळले आणि १७०३ साली त्याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. फुक्स १५६६ मध्येच वारला होता, म्हणजे ज्या फुलामुळे आज त्याचे नाव घरोघरी गेले आहे ते बिचाऱ्याने कधी पाहिलेही नसेल.

फूल तू फोटोत पाहिले आहेस, पण फोटोत ते खालून दिसत नाही आणि त्याची खरी शोभा खालीच आहे. लांब देठाला उलटे टांगलेले हे फूल हातात न घेता नुसते बोटाने जरा वर उचलून पाहावे लागते. बाहेरची चार लालभडक दले मागे वळलेली असतात, त्यांच्या आत जांभळ्या पाकळ्यांचा घेर असतो आणि त्या घेरातून आठ पुंकेसर बाहेर डोकावतात. त्यांच्याही खाली एकटा स्त्रीकेसर लोंबत असतो. अमेरिकेच्या जंगलात गुंजन पक्षी हवेत तरंगत यातला मध पितात आणि त्यांच्या कपाळाला पराग लागतात. टपोरी कळी दोन बोटांत हलकेच दाबली की 'फट्' असा आवाज करून उघडते. हा उद्योग आमच्या धाकटीने या उन्हाळ्यात इतका केला की अखेरीस मला कुंडी तिचा हात पोहोचणार नाही इतकी उंच टांगावी लागली.

आता हिवाळ्याचे. या झाडाच्या सुमारे ११० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या, विशेषतः अँडीज पर्वताच्या धुक्यात बुडालेल्या उतारांवरच्या आहेत. तिथे बारा महिने गारवा आणि ओलावा असतो. होरपळणारे ऊन नाही आणि बहुतेक ठिकाणी पाणी गोठवणारी थंडीही नाही. त्यामुळे या झाडाचा स्वभाव मोठा अवघड झाला आहे. पारा तिशीच्या वर गेला की ते कळ्या गाळते आणि पहिले कडक दहिवर, म्हणजे गोठलेले दव, पडले की एका रात्रीत पाने उकडल्यासारखी काळी पडतात. बाबांना हे झाड तिकडे लावायची हौस आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिकडे ते हिवाळ्यात नव्हे, तर उन्हाळ्यात सांभाळावे लागेल, आणि तेही मोठ्या झाडाच्या सावलीत, सकाळचे कोवळे ऊन तेवढे देऊन. शिवाय परवान्याशिवाय झाडाची फांदी भारतात आणता येत नाही, म्हणून पुढच्या खेपेला बॅगेतून एखादे कलम आणण्याचा आग्रह त्यांनी धरू नये.

पहिल्या वर्षी मी जी चूक केली ती अगदी मायेपोटी केली. बाहेर थंडी पडू लागताच कुंडी उचलून बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी, हीटरच्या शेजारी आणून ठेवली आणि उन्हाळ्यातल्यासारखे रोज पाणी घालत राहिलो. खोलीत ऊब होती, पण उजेड जेमतेम सहा-सात तासांचा आणि हवा कोरडी ठक्क. झाडाने आधी लांबट, फिकट, पिचक्या फांद्या फेकल्या, मग त्यांवर पांढरी माशी बसली, मग पाने पिवळी पडून गळू लागली. पाने सुकताहेत असे पाहून मी आणखी पाणी घातले. जानेवारीत खोड धरून हलवले तर ते मुळांपासून सुटून हातात आले. मुळे काळी पडून कुजली होती. झाड थंडीने मेले असे मी सगळ्यांना सांगत होतो. प्रत्यक्षात ते पाण्याने मेले होते.

तेव्हापासून मी उलट रीत धरली आहे. ऑक्टोबरपासूनच पाणी कमी करत जातो आणि खत पूर्ण बंद करतो. कडक दहिवर पडण्याच्या आत कुंडी आत घेतो, पण त्याआधी राहिलेली सगळी पाने, फुले आणि हिरव्या कोवळ्या फांद्या काढून टाकतो व झाड साधारण एकतृतीयांशाने छाटतो. फुललेल्या झाडावर कात्री चालवताना जीव तुटतो, हे खरे. परंतु अंधारात राहिलेली पाने सडतात आणि त्यांवरची करडी बुरशी खोडापर्यंत पोहोचते, म्हणून इथे दयामाया उपयोगाची नाही. कुंडीतली माती वरवर उकरून पाहणेही आवश्यक आहे, कारण एका काळ्या सोंडकिड्याच्या पांढुरक्या, वाकड्या अळ्या हिवाळाभर मुळे कुरतडत बसतात आणि वरून काहीच कळत नाही. मग कुंडी अशा जागी ठेवायची जिथे पारा ४ ते ७ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहील. आमचे गॅरेज घराला लागून असल्यामुळे तिथे हे आपोआप साधते. पाने नसल्यामुळे उजेडाची गरज नाही. लांब नळीसारखी नारिंगी फुले येणारी जात मात्र इतकी थंडी सोसत नाही. ती मी जिन्याखाली, थोड्या उबेत ठेवली आहे.

पाण्याचे प्रमाण मात्र पुस्तकातून शिकता येत नाही. माती पूर्ण वाळली तर बारीक मुळे मरतात आणि ओली राहिली तर कुजतात. मी दर दोन-तीन आठवड्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलून पाहतो. वजन आता हातांच्या ओळखीचे झाले आहे. ती फारच हलकी लागली तरच कडेकडेने पेलाभर पाणी घालतो.

बागेत जमिनीत लावलेले झुडूप वेगळ्या जातीचे आहे. ती जात दक्षिण अमेरिकेच्या पार दक्षिण टोकाकडची, चिली आणि अर्जेंटिनातली, म्हणून बरीच काटक. ते लावताना कुंडीतल्यापेक्षा चार बोटे खोल लावले होते, म्हणजे बुंध्याचे डोळे मातीखाली सुरक्षित राहतात. त्यावर पालापाचोळ्याचा जाड थर टाकला आहे आणि वाळक्या काड्या तशाच उभ्या ठेवल्या आहेत. त्या वसंतात नवी फूट दिसल्यावरच कापायच्या. गेल्या वर्षी मे उजाडला तरी तिथे काही हालचाल दिसेना, म्हणून मी कुदळ घेऊन गेलो होतो. वाकून पाहिले तर मातीतून लालसर कोंब तांदळाच्या दाण्याएवढे वर आले होते.

विमा म्हणून ऑगस्टअखेरीस चार बोटे लांबीची सहा छाटकलमेही केली. पेराच्या खाली कापलेले, फूल न आलेले शेंडे वाळूमिश्रित मातीत खोचले की तीन-चार आठवड्यांत मुळे धरतात. ती हिरवीच ठेवायची असल्यामुळे खिडकीत, दहा अंशांच्या आसपास ठेवली आहेत. मोठे झाड दगावलेच तर ही आहेत.

मार्चमध्ये कुंड्या उजेडात आणीन, कोमट पाणी फवारीन आणि डोळे फुगले की ताजी माती भरून पुन्हा छाटणी करीन. नव्या फांदीवर पानांच्या तीन जोड्या आल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे दोन फांद्या फुटतात. शेवटच्या खुडणीनंतर साध्या फुलांना सहा ते आठ आठवडे लागतात, दुहेरी पाकळ्यांच्या फुलांना त्याहून थोडे अधिक. या हिशेबाने तुम्ही दोघे जूनअखेरीस आलात तर झाड बहरात सापडेल.

तुझ्या प्रश्नामुळे शंका आली, म्हणून पत्र लिहायला बसण्यापूर्वी खाली जाऊन टांगत्या कुंडीतल्या झाडाची साल नखाने खरवडून पाहिली. वरच्या दोन फांद्या आतून तपकिरी आणि कोरड्या निघाल्या, त्या गेल्या. बुंध्यापासून वीतभर अंतरावर मात्र नखाखाली ओलसर हिरवा रंग आला. कुंडी हलकी लागली, तेव्हा पेलाभर पाणी घातले आणि दिवा मालवून वर आलो.

बाबांस साष्टांग नमस्कार. धाकटीचा तुम्हा दोघांस नमस्कार.

तुझा,
बाळू