गड्डा कुठे, किती दिवस ठेवला तेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत कंदवर्गीय फुलांवर लेख आला. लेख नेटका होता, पण त्यातले एक वाक्य खटकले. ‘थंडी चांगली पडली की कंदांना फुले येतात.’ या समजुतीपायी पुष्कळांनी गड्डे वाया घालवले आहेत. मीही त्यातलाच.

ट्यूलिपचेच घ्या. त्याचे फूल थंडीत घडत नाही. जमिनीतून काढलेला गड्डा कोरडा पडून असतो, तेव्हा साधारण १७ ते २० अंश सेल्सिअसला त्याच्या पोटात पाकळ्या-पुंकेसरांसकट चिमुकले फूल तयार होते. वरून पाहावे तर नुसता कांदा. त्यानंतर ५ ते ९ अंशांत बारा-सोळा आठवडे ठेवायचे, ते दांडा लांब वाढावा म्हणून. ही थंडी अपुरी पडली तर फूल पानांच्या बेचक्यातच बसून राहते आणि फुलदाणीच्या कामाचे उरत नाही. उलट, आतले फूल पुरते घडण्याआधीच गड्डा गारठ्यात टाकला तर कळी अर्धवट राहते. म्हणजे थंडी हवीच, पण तिची पाळी दुसरी.

फ्रीजियाचे गणित तर उफराटेच. त्याच्या घनकंदाला, म्हणजे आतून भरीव असलेल्या गड्ड्याला, झोपेतून उठवायला ३० अंशांच्या आसपासची ऊब लागते, तीही दहा ते तेरा आठवडे. गारवा लागतो तो लावल्यानंतर, कळी धरण्यासाठी, १२ ते १५ अंशांचा. कळी धरू लागल्यावर उकाडा वाढला तर तुरा विस्कटतो, खालची फुले दांड्यावर दूरदूर लागतात. आणि ऊब न देता घनकंद १३ अंशांच्या आसपास ठेवून दिला तर तो कोंबच काढत नाही, जुन्याच्या डोक्यावर नवा घनकंद बसवून मोकळा होतो. पान नाही, फूल नाही, साठवणीतल्या साठवणीत एक पिढी उलटली! पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला कोणीतरी गड्डे बदलले असेच वाटेल.

निशिगंधाला हे सोपस्कार लागत नाहीत. २० ते ३० अंशांत तो खूश असतो, गारठ्यात त्याचे दांडे खोळंबतात. आल्स्ट्रोमेरियाला मात्र हवेपेक्षा मातीचे तापमान महत्त्वाचे. जमिनीतल्या कंदाभोवती १५ अंशांच्या आसपास गारवा राहिला की फुलाचे कोंब येत राहतात, माती तापली की नुसता पाला. म्हणून तर हरितगृहांत वाफ्यांतून थंड पाण्याच्या नळ्या फिरवतात.

डेलियात तापमानाच्या जोडीला दिवसाची लांबीही येते. दिवस बारा तासांहून लहान होऊ लागला की झाडाचे अन्न मुळांकडे वळते, कंद फुगतात आणि फुलोरा मंदावतो. रात्री उकाड्याच्या असल्या तर दिवसभराची कमाई श्वसनातच जळते. मग फुले लहान येतात, रंग फिका पडतो आणि कंदही पोसत नाही. अशा वेळी खताची मात्रा वाढवण्याचा सल्ला देणारे बरेच भेटतात. त्यांचे ऐकू नये.

माझी स्वतःची फजिती वेगळीच होती. ट्यूलिपचे गड्डे फ्रिजमध्ये ठेवले, आठवडे मोजले, सगळे शास्त्रशुद्ध. पण शेजारच्या कप्प्यात फळे होती. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने गड्ड्यातली कळी आतल्या आतच सुकते. लावल्यावर पाने उत्तम आली, फूल एकही नाही. महिनाभर मी थर्मामीटरवर संशय घेत होतो.

म्हणून विनंती अशी. लागवडीचा महिना आपण नेहमी छापता, त्याच्या शेजारी गड्डा त्याआधी किती अंशांत, किती आठवडे ठेवायचा याचीही एक ओळ द्यावी. विक्रेत्यांनीही पाकिटावर रंगीत फोटोखाली हा मजकूर टाकायला हवा. घेणाऱ्याच्या हाती गड्डा येतो तेव्हा पुष्कळदा त्यातल्या फुलाचा निकाल लागलेला असतो, आणि तो कोणता हे फक्त साठवणाऱ्याला ठाऊक असते.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखात ग्लॅडिओलसचे घनकंद काढल्याबरोबर पुन्हा लावण्यास सांगितले आहे. ताजे काढलेले घनकंद सुप्तावस्थेत असतात, ते मातीत नुसते पडून राहतील. आधी सुकवून सुमारे तीन महिने ४ ते ५ अंशांत ठेवावेत, मग लावावेत. आणि फुलाचा दांडा कापताना झाडावर निदान चार पाने राहू द्यावीत, कारण पुढच्या हंगामाचा घनकंद त्या पानांवरच भरतो.

आपला,
एक वाचक