जवळच्या सहलीलाही वेळापत्रक लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत शनिवार-रविवारच्या सहलीची ठिकाणे झळकू लागतात. त्यांतली बहुतेक शंभर किलोमीटरपलीकडची. अर्धा दिवस घाटातल्या कोंडीत जातो आणि उरलेला अर्धा परतीच्या काळजीत. शहरात राहणाऱ्या पुष्कळांना हवे असते ते याहून साधे: दोन-तीन तास, पायी, चार ओळखीच्या आणि दोन अनोळखी माणसांबरोबर. साठी ओलांडलेल्यांना, लहान मुलांच्या आईवडिलांना आणि नोकरीसाठी नुकत्याच मुंबईत आलेल्यांना तर हेच हवे असते. दादर, शिवाजी पार्क, माटुंगा आणि माहीम या पट्ट्यात त्याला तोटा नाही. तरीही असे फेरफटके दोन-तीन वेळा होतात आणि बंद पडतात. जागा वाईट म्हणून ते बंद पडत नाहीत. भेटायचे कुठे, किती जणांनी आणि किती वाजता, हे कोणी नीट ठरवत नाही म्हणून पडतात.

आधी भेटण्याची जागा. ‘दादरला पुलाखाली भेटू’ या वाक्याने जेवढ्या सहली बिघडवल्या असतील तेवढ्या पावसानेही बिघडवल्या नसतील. दादरला दोन रेल्वे मार्ग आहेत, पादचारी पूल अनेक आणि त्यात टिळक पुलाची भर. डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांचे क्रमांक सलग केले गेले: पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. तरी जुन्या सवयीने ‘मध्य रेल्वेचा एक नंबर’ सांगणारे अजून भेटतात आणि ऐकणारा पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर जाऊन उभा राहतो. माटुंग्याचा घोळ तर तिपेडी आहे. माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर आणि किंग्ज सर्कल हार्बरवर. ‘माटुंग्याला उतर’ असे सांगितले की पाहुणा हमखास चुकीच्या बाजूला उतरतो. मग त्याला झेड ब्रिज चढून रूळ ओलांडावे लागतात आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाचा उत्साह तिथेच संपतो. म्हणून स्थानकाचे पूर्ण नाव, पूर्व की पश्चिम आणि एखादे न हलणारे ठिकाण, म्हणजे तिकीट खिडकी, नाट्यगृहाचे फाटक किंवा उद्यानाचा फलक, या तिन्ही गोष्टी निरोपात लिहाव्यात. थांबायचे दहाच मिनिटे. पुढचा थांबा आधीच कळवलेला असला की उशिरा येणारा थेट तिथे गाठतो आणि बाकीच्यांची चिडचिड टळते. आता भुयारी मेट्रोची दादर आणि शितलादेवी ही स्थानके सुरू झाली आहेत. अंधेरी किंवा कुलाब्याकडून येणाऱ्यांनी ती वापरली तर दादरच्या पुलांचा प्रश्नच उरत नाही.

माणसे सहा ते आठ. त्याहून जास्त असतील तर दोन गट करावेत आणि दहा मिनिटांच्या अंतराने सोडावेत. उडुपी उपाहारगृहातली टेबले चौघांची असतात. आठ जण दोन टेबलांवर बसतात, बारा जणांना तासभर बाहेर उभे राहावे लागते. गर्दीच्या चौकात सिग्नल सुटला की आठ जण एका दमात रस्ता ओलांडतात, पंधरा जणांतले निम्मे पलीकडे आणि निम्मे अलीकडे राहतात. शिवाय कट्ट्यावर आठांपुढे एक गप्पा होत नाहीत. तीन वेगळ्या टोळ्या पडतात आणि नवखा माणूस नेमका कोणत्याच टोळीत नसतो.

समुद्राकडे जायचे तर घड्याळाइतकेच पंचांग महत्त्वाचे. किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याचा पाऊणपट केला की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच गणित, दिवसातून दोनदा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून नेमकी वेळ अधिकृत भरती-ओहोटी तक्त्यात पाहावी, पण दिवस ठरवायला हा हिशेब पुरतो. दादर चौपाटीवर संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा चालायचे असेल तर चतुर्दशी ते द्वितीया हे दिवस उत्तम. पाणी मागे गेलेले असते आणि ओली, घट्ट वाळू पायाला लागते. याउलट सप्तमी ते दशमीच्या संध्याकाळी भरती असते. भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस असल्याने लाटांना जोर नसतो, पण मुळातच अरुंद झालेली वाळू बरीचशी पाण्याखाली जाते आणि उरलेल्या पट्टीत कचरा व कोरडी, पाय रुतणारी वाळू तेवढी राहते. त्या दिवसांत चैत्यभूमीजवळचा व्ह्यूइंग डेक गाठावा. पर्जन्यजल वाहिनीच्या मुखावर बांधलेला हा डेक २०२२ मध्ये खुला झाला. तिथून सूर्यास्त आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू एकाच नजरेत येतात आणि पाय कोरडे राहतात. भाद्रपदाच्या आगेमागे मात्र अनवाणी पाण्यात उतरू नये. त्या सुमारास किनाऱ्यालगत पाकट आणि जेलीफिश येतात.

शिवाजी पार्कबद्दल खूप लिहिले जाते, पण बसायचे कुठे हे कोणी लिहीत नाही. १९२५ साली खुल्या झालेल्या या मैदानाभोवतीचा कट्टा साधारण सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा आहे. रमतगमत एक फेरी वीस मिनिटांत होते. संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो, म्हणजे मैदानातली तांबडी धूळ पूर्वेकडच्या कट्ट्यावर जाते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी फेब्रुवारी ते मे तिकडे बसू नये. पश्चिमेला धूळ कमी, पण वीर सावरकर मार्गावरच्या वाहनांचा आवाज जास्त. तोंड नेहमी मैदानाकडे करून बसावे. एकाच वेळी अनेक सामने चाललेले असतात आणि सीझनचा चेंडू कोणत्या खेळपट्टीवरून येईल याचा नेम नसतो. मुलांना आणायचे असेल तर सकाळची वेळ बरी. समर्थ व्यायाम मंदिरातला मल्लखांब पाहायला मिळाला तर मुले फोन विसरतात. ६ डिसेंबरच्या दोन-तीन दिवस आधीपासून चैत्यभूमीकडे लाखो लोक येतात. त्या दिवसांत यावे ते अभिवादनाला किंवा पुस्तकांच्या दुकानांसाठी, निवांत गप्पांसाठी नव्हे. गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन आणि दसरा यांचेही तसेच. दिवाळीतली रोषणाई पाहायची तर चालतच यावे. गाडी आणली की संध्याकाळ ती लावायला जागा शोधण्यात जाते.

माटुंग्याचा फेरफटका सकाळचाच. पूर्वेला उतरून आधी न्याहारी आणि मग चालणे, हा क्रम बहुतेक जण धरतात. तो उलटा करावा. रविवारी आठनंतर नामवंत उपाहारगृहांबाहेर नावे लिहून घेतात आणि अकरापर्यंत ती यादी सरत नाही. साडेसहाला पाच उद्यानांतून (फाइव्ह गार्डन्स) सुरुवात केली तर वर्षावृक्षांची सावली, मोकळे रस्ते आणि पारशी कॉलनीच्या जुन्या इमारतींच्या गच्च्या निवांत पाहता येतात. (ही माणसांची घरे आहेत. जिन्यात शिरून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा.) एप्रिल-मेमध्ये सोनमोहर, ताम्हण आणि बहावा पाहायला यावे. साडेसातच्या आत कॅफे मद्रास किंवा म्हैसूर कॅफेत पोचले की बसायला मिळण्याची शक्यता बरीच वाढते. अनोळखी माणसांबरोबर एकाच टेबलावर बसण्याची इथे पद्धत आहे. त्यात कमीपणा मानू नये, उलट पोडी इडली की रागी डोसा यावर तिथेच चर्चा सुरू होते. चौघांत तीन पदार्थ मागवावेत, मग लागले तर आणखी. एकदम सगळे मागवले की डोसा गार होतो आणि गार डोशाला चव नाही. फिल्टर कॉफी शेवटी मागवावी आणि ती संपली की उठावे. बाहेर यादीतले लोक आपल्याकडेच बघत असतात. सोमवारी यांतली काही ठिकाणे बंद असतात. केळीच्या पानावरचे जेवण हवे असेल तर स्थानकाजवळचे १९४२ पासूनचे राम नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, पण न्याहारी आणि जेवण एकाच दिवशी करण्याच्या भरीस पडू नये. उड्डाणपुलाखालचे नानालाल डी. मेहता उद्यान २०१६ मध्ये झाले. तिथली पायवाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेत जाते. ऊन असो की पाऊस, चालायला जागा छान आहे. गप्पांना मात्र नाही, कारण दोन्ही बाजूंनी वाहने असतात.

माहीमच्या टोकाला, धारावीलगत, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. एके काळच्या कचराभूमीवर उभे राहिलेले हे ३७ एकरांचे रान शेजारच्या लोकांनीच फारसे पाहिलेले नसते. पावसानंतर फुलपाखरांसाठी जावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. डास भरपूर.

नाटकाचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गटाने करण्यासारखी याहून चांगली गोष्ट या भागात नाही. शिवाजी मंदिर दादर पश्चिमेला, यशवंत नाट्यमंदिर माटुंगा रोडजवळ आणि रवींद्र नाट्यमंदिर प्रभादेवीला. नूतनीकरणानंतर रवींद्र २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले. ज्येष्ठांनी दुपारी साडेतीन-चारचा प्रयोग निवडावा. साडेसहाला सुटतो आणि रात्रीचे जेवण घरी होते. प्लॅन उघडल्या दिवशीच तिकिटे काढावीत. गटाला सलग खुर्च्या त्यानंतर मिळत नाहीत. कमी ऐकू येणाऱ्यांना पुढच्या रांगा द्याव्यात, वारंवार उठावे लागणाऱ्यांना कडेची खुर्ची, आणि बाल्कनीच्या पायऱ्या कोणाला झेपतील हे आधी विचारावे. मध्यंतरात बटाटेवड्यासाठी आठही जणांनी उठायचे नसते. दोघांनी जाऊन सगळ्यांचे आणायचे, नाहीतर तिसरी घंटा रांगेतच होते. रवींद्रला परळकडून टॅक्सीने येणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: प्रभादेवीचा जुना उड्डाणपूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला. रेल्वेच्या पादचारी पुलावरून चालत येणे टॅक्सीच्या वळशापेक्षा लवकर होते. मंगळवारी आणि संकष्टीला सिद्धिविनायकाच्या गर्दीने तिथल्या बस अडतात, अंगारकीला तर विचारू नये.

पैशाने मैत्री बिघडते ती मोठ्या रकमेने नव्हे, चाळीस रुपयांच्या कॉफीने. निघण्याआधीच प्रत्येकी सारखी वर्गणी एकाकडे द्यावी, सगळी बिले त्यानेच भरावीत आणि उरलेले त्याच रात्री परत करावेत. ज्यांना खायचे नसेल त्यांनी आधी सांगावे. बिल टेबलावर आल्यावर ‘मी फक्त कॉफीच घेतली’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी कोणी बोलवत नाही, आणि त्याचे म्हणणे तर बरोबरच असते.

आता स्वच्छतागृहे. सहलीला न येण्याचे खरे कारण बायका सहसा सांगत नाहीत, ‘घरी काम आहे’ म्हणतात. दीड तासाच्या आत एक खात्रीचे स्वच्छतागृह येईल असाच मार्ग आखावा लागतो. म्हणूनच आमच्या मते चौपाटीनंतर कट्टा आणि कट्ट्यानंतर उपाहारगृह हा क्रम टिकतो. नुसती चौपाटी आणि उद्याने जोडलेला मार्ग नकाशावर सुंदर दिसतो, पण त्यावर दुसऱ्यांदा कोणी येत नाही. उद्यानातले स्वच्छतागृह आहे एवढे कळून भागत नाही. ते किती वाजता उघडते, कुलूप असते का, आत पाणी असते का, हे आदल्या आठवड्यात कोणीतरी जाऊन पाहायला हवे.

आपल्याकडे मागणे एवढेच. रविवारच्या मेगाब्लॉकची वेळ आपण शनिवारी छापता आणि त्यावर हजारो लोक आपला दिवस आखतात. त्याच चौकटीखाली चार ओळी वाढवाव्यात: शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा, कोणते मैदान कोणत्या कार्यक्रमासाठी राखीव आहे, कोणते उद्यान वा नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद आहे आणि कोणती व्याख्याने विनामूल्य आहेत. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ पासून चालत आलेल्या संस्था आणि दादर-माटुंगा कल्चरल सेंटर यांच्या कार्यक्रमांची माहिती आज बहुतेकांना फलक पाहूनच कळते, तीही कार्यक्रम होऊन गेल्यावर. स्वच्छतागृहांची यादी महिन्यातून एकदा छापली तरी चालेल, मात्र प्रत्येक नोंदीपुढे ते शेवटचे कधी तपासले ती तारीख असावी. सुरुवात दादर-माहीमपासून करावी. गिरगाव, पार्ले, मुलुंड आणि ठाण्याचे वाचक आपापल्या भागाची भर घालतीलच.

कळावे,
आपले,
दादर-माटुंगा परिसरातील काही रहिवासी