पेटंटची यादी नको, पदार्थ करून दाखवणारे हात हवेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

अमुक विद्यापीठाला इतकी पेटंट मिळाली, तमुक संस्थेने तितके अर्ज केले, अशा बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. बॅटरी, सौरऊर्जा किंवा नव्या पदार्थांविषयी काही असेल तर मी ती बातमी कापून ठेवते, कारण माझे पोट त्यावर आहे. त्या बातम्यांमध्ये एक गोष्ट मात्र कधी नसते, ती म्हणजे त्या पेटंटचे पुढे काय झाले. म्हणून हे पत्र.

भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे युनिट आहे. ई-रिक्षा आणि इन्व्हर्टरसाठी आम्ही लिथियम बॅटरीचे पॅक जोडतो. सकाळी खोके फोडायचे, एकेक सेल, म्हणजे बॅटरीचा सुटा घटक, मीटरवर धरून व्होल्टेज आणि इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विद्युतरोध) बघायचा, जुळणारे सोळा सेल बाजूला काढायचे. 3.2 व्होल्टचे सोळा सेल ओळीने जोडले की 51.2 व्होल्टचा पॅक होतो. सेल येतात चीनमधून. पण त्यांच्या आत जे लिथियम आयर्न फॉस्फेट आहे, ते बॅटरीत वापरता येते हे दाखवून दिले अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले आणि 1997 मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला. त्या निबंधावर गुडइनफ यांच्याआधी दोन नावे आहेत : पाधी आणि नंजुंडस्वामी. खोके फोडताना मला ती नावे दर वेळी आठवतात.

गुडइनफ यांचीच आधीची गोष्ट याहून बोलकी आहे. 1980 मध्ये ते ऑक्सफर्डला असताना त्यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड बॅटरीत वापरता येते हे दाखवून दिले. ऑक्सफर्डने पेटंटवर खर्च करायला नकार दिला, तेव्हा हक्क इंग्लंडमधल्याच हारवेलच्या सरकारी अणुऊर्जा प्रयोगशाळेकडे गेले. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती याच पदार्थाच्या जोरावर. 2019 मध्ये गुडइनफ यांना नोबेल मिळाले तेव्हा ते 97 वर्षांचे होते. त्या पेटंटमधून त्यांना रॉयल्टी मिळाली नाही. टेक्सासने मात्र पुढच्या शोधाचे, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे, पेटंट घेतले आणि ते वापरण्याचे लायसन्स कॅनडाच्या हायड्रो-क्यूबेक या वीज कंपनीला दिले. त्यावरून अनेक वर्षे कोर्टकज्जे चालले. त्याच काळात चिनी कारखान्यांना आपल्या देशातल्या विक्रीपुरता हा पदार्थ लायसन्स फी न देता करता येत होता. तिथे कारखान्यांचा हात बसला, आणि आज आम्ही खोकी तिकडून मागवतो.

आता माझा अनुभव सांगते. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका संस्थेपुरती नाही. उन्हाळ्यात आमचे पॅक तापतात. सेलच्या मध्ये बसवायचा, उष्णता शोषून घेणारा मेणासारखा पदार्थ एका संस्थेच्या यादीत ‘लायसन्ससाठी उपलब्ध’ म्हणून दिसला. माझ्या अडचणीवर नेमके हेच हवे होते. मेल केला, उत्तर नाही. फोन केला तर ‘मॅडम, फाइल बघून सांगते’. तीन आठवड्यांनी कळले की ज्या प्राध्यापकांनी हे काम केले ते निवृत्त झाले आणि त्यांचा विद्यार्थी परदेशी गेला. शेवटी मीच पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावर अर्ज क्रमांक टाकून पाहिला. नूतनीकरण फी भरली नाही म्हणून पेटंट रद्द झाले होते, आणि यादीत ते अजून ‘उपलब्ध’ होते.

कुणी म्हणेल, मग बरेच झाले, आता फुकट करा. मीही तसा प्रयत्न केला. पेटंटच्या मजकुरात पदार्थाचे प्रमाण होते, ‘योग्य तापमानाला ढवळावे’ असेही होते. आम्ही घरच्या पातेल्यात मेण वितळवून ग्राफाइट मिसळले. पहिल्यांदा ग्राफाइट खाली बसले. दुसऱ्यांदा पॅड बरे झाले, पण दहा-बारा वेळा तापून थंड झाल्यावर कडेने मेण पाझरू लागले. हे कसे थांबवायचे ते त्या निवृत्त प्राध्यापकांना नक्की ठाऊक असणार. लायसन्स घेताना आम्हाला हेच विकत हवे असते, ते करून दाखवणारे हात. कागद तर कुणीही वाचू शकतो.

2021 पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात 80 टक्के सवलत आहे. एनआयआरएफ या उच्चशिक्षण संस्थांच्या सरकारी क्रमवारीत पेटंटला गुण आहेत. त्यामुळे अर्ज वाढले, हे चांगलेच झाले. पण अर्जाबरोबर कुणीतरी पायलट प्लँट (छोट्या प्रमाणावर माल करून बघायचा कारखाना) चालवायला, उद्योगाशी बोलायला, फी वेळेवर भरायला नेमले का? मंजूर पेटंट 20 वर्षे टिकवायचे असेल तर तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी लागते. ती न भरण्यात दोष नाही, काही पेटंट सोडून द्यावीच लागतात. मात्र सोडून दिलेली पेटंट यादीतून काढायला हवीत.

हे आपल्याकडे जमत नाही असे मुळीच नाही. पुण्यातच केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद यांनी तयार केलेली, हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या फ्यूएल सेलवरची बस 2022 मध्ये लोकांसमोर आली, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा (एनसीएल) हात आहे. पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेबरोबर केलेल्या कामातून केपीआयटीने 2023 मध्ये सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. पण मोठ्या कंपनीला प्रयोगशाळेचा दरवाजा उघडतो. दहा माणसांच्या युनिटने तो वाजवायचा कसा?

इस्रोने 2018 मध्ये आपले लिथियम-आयन सेलचे तंत्रज्ञान द्यायला काढले तेव्हा किंमत जाहीर केली होती, एक कोटी रुपये, आणि ते एकाच कंपनीला न देता पात्र ठरणाऱ्या सगळ्यांसाठी खुले ठेवले. एक कोटी रुपये आम्हाला झेपणारे नाहीत, पण आकडा समोर होता, कुणाला दारात ताटकळत बसावे लागले नाही. विद्यापीठांनी निदान एवढे करावे : प्रत्येक शोधापुढे तो आज कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहावे, एक ग्रॅम झालाय की दहा किलो, फी किती ते लिहावे, आणि प्रश्नांना उत्तर देईल अशा माणसाचे नाव द्यावे. आणि हे मराठीतही असावे. आमच्या फोरमनला सेलविषयी माझ्याहून जास्त कळते, पण पेटंटची इंग्रजी त्याला वाचता येत नाही.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी पेटंटचा आकडा छापताना त्यांतली किती लायसन्सवर गेली हेही विचारा.

आणि एखाद्या विद्यापीठाकडे असा पदार्थ तयार असेल तर त्यांना कळवावे : आमच्याकडे टेस्टिंग मशीनचा एक चॅनेल (पॅक जोडायची जागा) रिकामा आहे. सोळा सेलचा एक पॅक आम्ही पदरचा देतो. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, तो तपासून बघू.

आपली,
बॅटरी पॅक बनवणारी एक लघुउद्योजिका,
भोसरी, पुणे